चमचा थांबतो ती ओळ

आमच्या घरात माणसं जेवणाच्या टेबलावर मरतात. आजवर किती मेली ते मी मोजलेलं नाही, पण एकालाही सुखाचं मरण आलेलं नाही. माझे यजमान ऐतिहासिक राजकीय कादंबऱ्या लिहितात. राजवाडे, कटकारस्थानं, फितुरी, हेर, आणि प्रत्येक पुस्तकात मध्यावर कुठेतरी एक बंद खोली. त्या खोलीत एक माणूस खुर्चीला बांधलेला असतो. लोक म्हणतात, यांचं पुस्तक घ्यायचं ते त्या खोलीसाठी. बाकीची चारशे पानं म्हणजे खोलीकडे जाणारा जिना.

तर आमची रीत अशी. खोलीचं प्रकरण लिहून झालं की हे संध्याकाळी कागद घेऊन टेबलाशी येतात. कानावर पेन्सिल. स्वतः जेवत नाहीत. मी जेवते, ते वाचतात. वाचताना एक डोळा कागदावर आणि एक माझ्या चमच्यावर. माझा चमचा ताट आणि तोंड यांच्या मध्ये अडकला की पेन्सिल कानावरून खाली येते, समासात एक बारीक टिक होते आणि ती ओळ पुस्तकात राहते. जिथे मी खात राहते ती ओळ जाते.

हे सुरू झालं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. यांनी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं आणि माझ्या हातून चमचाच पडला. मला मळमळत होतं आणि हे इतके खूश, की मला उचलून नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, नवरा खूश होतोय तर होऊ दे, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस वर्षानुवर्षं संपले नाहीत. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका असते, 'जिच्या चमच्याशिवाय हे शक्य नव्हतं तिला.' वाचक भेटले की गालात हसतात. त्यांना वाटतं, मी यांना घास भरवते.

मी दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. लोकांची तोंडं उघडी धरायची, लाळ ओढायची नळी धरायची, हत्यारं उकळून ठेवायची आणि घाबरलेल्यांचा हात धरायचा. आमच्या डॉक्टरीणबाईंना यांचा फार अभिमान, म्हणून बाहेरच्या खोलीत सगळी पुस्तकं मांडून ठेवली आहेत. एकदा एक आडदांड गृहस्थ दाढ काढायला आले. नंबर येईपर्यंत बोटाला थुंकी लावून लावून खोलीचं प्रकरण वाचत बसले होते. मला म्हणाले, "ताई, काय लिहिलंय हो तुमच्या मिस्टरांनी! ती पक्कड, वा! डोळ्यांपुढे उभी राहते." आणि आत आल्यावर खरी पक्कड दिसली मात्र, भुलीच्या सुईआधीच गडी आडवा. मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते आणि मनात म्हणत होते, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याचं जळताना उजेड पडतो.

वाचक-मेळाव्यांना मी यांच्याबरोबर जाते. मागे एका बाजूला बसते आणि ऐकते. एक बाई हमखास सांगतात, "ती पानं मी वाचतच नाही बाई, हाताने झाकून पुढे जाते." मी एकदा विचारलं, कुठपर्यंत झाकायचं ते कसं कळतं? तर लाजून म्हणाल्या, "आधी एकदा बघून ठेवते ना." एक तरुण उठून म्हणाला, "सर, मागचं जास्त जमलं होतं. यात दोनच बोटं आहेत." एक निवृत्त मास्तर दर वेळी म्हणतात की हे सगळं पुढच्या पिढीला कळलं पाहिजे, आणि नातवासाठी सही घेतात. काही जण रडतात. रडणारे मला बरे वाटतात, पण पुढच्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी पहिल्या दिवशी करणारेही तेच.

आणि प्रकाशक. त्यांना आम्ही घरात 'डोसवाले' म्हणतो. कारण त्यांचं एकच वाक्य. "वाचक निर्ढावलाय साहेब. गेल्या वेळी ज्याने किंकाळी फुटली त्याने आता जांभई येते. डोस वाढवा."

हे आतापर्यंत राजेरजवाड्यांचं लिहीत आले. कुणी मेलं तरी ते केव्हाचंच मेलेलं असायचं. या खेपेला मात्र यांनी ती राजवट घेतली. आमच्या तरुणपणातली, राखाडी इमारतीत माणसं नेऊन डांबणारी. ती जाऊन आता इतकी वर्षं झाली की तिच्यावर कादंबरी लिहिता येते. डोसवाल्यांना शीर्षक ऐकूनच आनंद झाला.

खोलीचं प्रकरण तयार झालं. मी बटाटे केले होते. हे वाचू लागले. खुर्ची आली, दोरी आली, पाण्याची बादली आली. मी जेवत होते. पक्कड आली. बटाटे खरंच छान झाले होते, मी आणखी घेतले. वाचन थांबलं तेव्हा मी वर बघितलं, तर हे माझ्याकडे टक लावून बघत होते.

"असे काय बघता? मीठ जास्त झालंय का?"

"तू जेवतेयस."

"जेवायलाच बसलेय."

"सगळं प्रकरण संपलं. तू एकदाही थांबली नाहीस."

खरंच की. मी ताटात बघितलं. ताट स्वच्छ होतं.

तेव्हापासून आमच्या घरातली शांती गेली. हे दिवसभर लिहायचे आणि संध्याकाळी कागद घेऊन यायचे. रोज काहीतरी नवं. एक तार वाढली, एक मेणबत्ती वाढली, एक दिवस बिचाऱ्या कैद्याच्या आईलाच शेजारच्या खोलीत आणून बसवलं. मी जेवत राहिले. मुद्दाम नव्हे. मी स्वतःला बजावायची, अगं हा कुणाचातरी मुलगा आहे, ऐक नीट. पण चमचा आपला आपण खाली जायचा, भरायचा, वर यायचा. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा म्हटलं, यांचा जीव तरी शांत होऊ दे, आणि मुद्दाम चमचा मध्येच धरून ठेवला. हे म्हणाले, "नाटकं करू नकोस. तुझं तोंड चावतंय अजून."

त्यांना प्रकरणाची काळजी होती. मला माझी वाटायला लागली. दवाखान्यात एका शाळकरी मुलीचा दात काढताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली, आणि माझ्या डोक्यात काय, तर घरी साबण संपलाय. मी घाबरले. हे म्हणतात वाचक निर्ढावतो, मग सगळ्यांत जुनी वाचक मीच की. वर्षानुवर्षं टेबलावर बसून मी भाजीबरोबर माणसं खाल्ली आणि आता मला चव लागेनाशी झाली. मी आरशासमोर उभी राहून स्वतःचं तोंड बघितलं. नेहमीचंच होतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटी एका संध्याकाळी हे कागद आपटून म्हणाले, "दादाला वाचून दाखवतो."



दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे मोठे दीर. तरुणपणी ते नकाशे काढायचे, शहराच्या बांधकाम खात्यात. रेघ अशी ओढायचे की पट्टी लाजावी. त्या राजवटीत एका सकाळी त्यांना नकाशाच्या टेबलावरूनच उचलून नेलं. हिवाळा संपताना परत आले तेव्हा उजव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नव्हती. नकाशे सुटले. पुढे पोहण्याच्या तलावावर तिकिटांच्या खिडकीत नोकरी लागली आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. न विचारण्याला आम्ही सभ्यपणा म्हणत आलो.

तलावाला सोमवारी सुट्टी, म्हणून सोमवारी ते आमच्याकडे येतात. त्यांची एक गंमत आहे. दारात उभे राहून बूट पुसतात, मी विचारते, "जेवलात का?" आणि ते या प्रश्नाचं उत्तर कधीही देत नाहीत. "बाहेर गार आहे," म्हणतील. "झाडं वाढली तुझी," म्हणतील. ना हो, ना नाही. सासूबाई म्हणायच्या, "त्याला विचारत काय बसतेस, ताट पुढे ठेव." ताट पुढे ठेवलं की दादा निमूट सगळं संपवतात. आमची लेक लहान असताना अभ्यास झाला का विचारलं की तोंड लांब करून म्हणायची, "बाहेर गार आहे." आम्ही हसून हसून लोटपोट व्हायचो. दादाही हसायचे.

"दादांना नाही वाचायचं," मी म्हटलं.

"का? त्याच्यापेक्षा चांगला वाचक कोण आहे याला?"

"वाचक? तुम्ही त्या कैद्याला दादांचा हात दिलाय. मधली दोन बोटं मिटत नाहीत म्हणे. मी काय आंधळी आहे?"

"बोटं कुणाचीही असतात."

"या घरात एकाचीच आहेत."

यांनी कागद उलटे करून ठेवले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझा सख्खा भाऊ तिथे होता आणि मला काही माहीत नाही. मी सगळं मनाने लिहितो. खरं आहे की खोटं, एकदा तरी कुणीतरी सांगायला नको?" त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला म्हणून बोल लावायचा. पण इतकी वर्षं जो माणूस कसाबसा शिवून ठेवलाय त्याचा टाका यांच्या एका प्रकरणासाठी उसवला तर पुढे काय, हे मला दिसत होतं. यांचं पुस्तक निघालं असतं. दादा सोमवारी यायचे बंद झाले असते.

मी तलावावर फोन केला. पलीकडे पोरांचा आरडाओरडा आणि पाण्याचे आवाज.

"दादा, या सोमवारी हे काहीतरी वाचून दाखवणार आहेत. यायचं नसेल तर सर्दी झालीय म्हणा. मी सांभाळून घेईन."

"कुठलं वाचणार आहे? त्या इमारतीचं?"

"हो."

ते कुणाला तरी म्हणाले, "टोपी घातल्याशिवाय पाण्यात जायचं नाही." मग मला म्हणाले, "येतो. बटाटे करशील ना?"

सोमवारी आले. नेहमीसारखे बूट पुसत उभे राहिले. माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "जेवलात का?"

"तलावाचं पाणी बदललं आज," दादा म्हणाले.

मी ताटं वाढली. हे समोर बसले, कागद नीट जुळवले, पेन्सिल कानावर.  दादांनी डाव्या हाताने चमचा धरला. ते आता सगळं डाव्या हाताने करतात, उजवा ताटाशेजारी नुसता ठेवतात, मधली दोन बोटं ताठ.

हे वाचू लागले. खुर्ची, दोरी, बादली. दादा जेवत होते. पक्कड आली तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि तरीही बघितलं. चमचा खाली, चमचा वर. यांनी आवाज चढवला. कैदी ओरडला, परत ओरडला. शेजारच्या खोलीतली आई ओरडली. दादांनी मीठ मागितलं. मी मीठ दिलं. यांच्या कपाळावर घाम आला होता. दोन बोटांचा भाग त्यांनी फार हळू वाचला. त्यांचा डोळा भावाच्या चमच्यावरून हलत नव्हता. आणि दादा बटाट्याचा मोठा तुकडा अर्धा करण्यात गुंतले होते.

मला हायसं वाटलं. हे मात्र खचले. खुर्चीत थोडे खाली सरकले आणि पुढचं अगदी भरभर, बिनआवाजी वाचायला लागले. पुढचं काही विशेष नव्हतंच. दोन मारांच्या मध्ये वाचकाला दम खायला जागा असावी म्हणून टाकलेला एक परिच्छेद होता. दुसऱ्या दिवशीची सकाळ. दार उघडतं, साहेब आत येतो. कोट खुंटीला लावतो. बाह्या दुमडतो. कैद्याकडे बघून हसतो आणि विचारतो, "जेवलास का?"

दादांचा चमचा थांबला.

हे पान उलटत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. चमचा ताटापासून वीतभर वर होता आणि त्यातला रस्सा टेबलावर गळत होता. ताटाशेजारचा उजवा हात मिटायला बघत होता आणि ती दोन बोटं मिटत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं दार आलं. बूट पुसणारे दादा आणि दर सोमवारी हसून विचारणारी मी. माझा चमचा कधी थांबला ते मला कळलंच नाही.

टेबलावर आवाज बंद झाला तसं यांनी वर बघितलं. आधी भावाचा चमचा बघितला, मग माझा. आणि त्यांचा हात, मी शपथेवर सांगते त्यांनी तो नेला नाही, हात आपला आपण कानाकडे गेला. पेन्सिल खाली आली. समासात टिक झाली.

"ही खूण कसली?" दादांनी विचारलं.

यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मग मीच सांगितलं, "जिथे खाणाऱ्याचा चमचा थांबतो ती ओळ हे ठेवतात."

दादांनी चमचा ताटात ठेवला. सांडलेला रस्सा रुमालाने पुसला, रुमालाची घडी घातली.

"कुठून घेतलीस ही ओळ?"

"कुठून नाही रे दादा. सुचली आपली. साहेब जरा घरगुती वाटावा म्हणून."

"हं." दादा दमलेले दिसत होते. नेहमी दिसतात त्यापेक्षा फार जास्त. "तुझा माणूस फार ओरडतो रे. दमत नाही? मला त्यातलं, खरं सांगतो, फारसं आठवत पण नाही. दुखलं होतं एवढं आठवतं. कसं दुखलं होतं, नाही आठवत. पुढे पुढे तर मला मध्येच झोप लागायची. त्यांनाही कंटाळा आलेला असायचा. एक जण तर सारखा घड्याळ बघायचा." त्यांनी रुमालाची घडी आणखी लहान केली. "पण हा तुझा साहेब होता. कोट लावायचा आणि विचारायचा, जेवलास का. रोज. आणि मला रोज वाटायचं, विचारतोय म्हणजे आज काही करणार नाही. आदल्या दिवशीचं सगळं माहीत असून वाटायचं. नाही म्हटलं तर जेवायला द्यायचा, माझं होईपर्यंत समोर बसायचा, आणि मग सुरू करायचा. हो म्हटलं तर लगेच. म्हणजे मी जे काही बोलीन त्याने ते सुरूच व्हायचं. मग मी उत्तर द्यायचं सोडून दिलं."

 मला रडायला येत होतं. निर्ढावले निर्ढावले म्हणून ज्या चमच्याला मी दूषणं देत होते तो माझ्या हातात थडथड हलत होता, आणि मला वाटत होतं, नसता थांबला तर बरं झालं असतं.

"दादा, मी इतकी वर्षं तुम्हाला दारात..."

"तुला काय माहीत?" दादा म्हणाले. "आणि तू विचारलंस की मला बरंच वाटायचं. फक्त उत्तर यायचं नाही." ते उठले, खुर्ची आत सरकवली. यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो उजवा. "ओळ ठेव. तेवढं एक बरोबर आहे. बाकीचं ठेवायचं तर ठेव, नाहीतर काढ. लोकांना आवडतं ना."

त्यांचं ताट अर्धं तसंच राहिलं होतं. दादांचं ताट उरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले तर हे खोडरबर घेऊन त्या पानाशी बसले होते. मला वाटलं टिक पुसत असतील. टिक पुसून झाली होती. ते ओळ पुसत होते. टाइप केलेली ओळ रबराने कशी जाणार, कागदालाच भोक पडत आलं होतं.

"दादा ठेव म्हणाले ना?" मी म्हटलं.

"त्याने मला दिली म्हणून मी बाजारात न्यायची?" ते वर न बघता म्हणाले. "डोसवाल्याला पक्कड हवी आहे, पक्कड घेऊ दे. लोकांना बोटं हवीत, त्यांना बोटं देतो. पण दादाची नाही. दुसरी कुठली तरी मोडतो. ही नाही द्यायची कुणाला."

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी तसं म्हटलं नाही. चहा टाकला.

पुस्तक आलं. खोली त्यात आहे, पूर्वीपेक्षा मोठी आहे. डोसवाले खूश आहेत. त्या पानं झाकणाऱ्या बाई म्हणाल्या, या खेपेला दोन्ही हातांनी झाकावं लागलं. मास्तरांनी नातवासाठी सही घेतली. मागचं जास्त जमलं होतं म्हणणारा तरुण या वेळी समाधानी होता, फक्त म्हणाला, "सर, तो साहेब जरा खोटा वाटतो. माणूस म्हणून काही सापडत नाही त्याच्यात." हे म्हणाले, "हो, तिथे कमी पडलो खरा," आणि सही करून दिली. आमच्या टेबलावर आता कुणी काही वाचत नाही. हेही माझ्याबरोबर जेवतात आणि बटाटे कच्चे राहिले म्हणून कुरकुरतात.

दादा सोमवारी येत राहिले. पण दारात माझी पंचाईत. तो प्रश्न ओठावर यायचा आणि मी तो गिळायची. मग काय बोलायचं? "या, या," म्हणायची, दुकानदारीण म्हणते तसं. दादा बूट पुसायचे, मी बाजूला उभी. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साधे दोन शब्द, पण ते गेले तर दारच मुकं झालं.

मग एका सोमवारी ते आले तेव्हा काखेत पुस्तक होतं. विकत घेतलेलं, मध्ये तलावाचं तिकीट घालून ठेवलेलं. ते तिकीट कुठल्या पानावर असेल ते मला न बघता कळलं.

"ओळ काढली त्याने," दादा म्हणाले.

"हो."

"मी ठेव म्हटलं होतं."

"माहीत आहे. म्हणाले, ती कुणाला द्यायची नाही."

दादा बराच वेळ बूट पुसत राहिले. बूट केव्हाच स्वच्छ झाले होते. आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला, ताटं मांडल्याचा आला. दादांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, कोट काढला, खुंटीकडे बघितलं आणि खुंटीला न लावता खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग माझ्याकडे वळून, घसा खाकरून, पहिल्यांदाच तोंड उघडणाऱ्या माणसासारखं अडखळत म्हणाले,

"तू जेवलीस का?"

 "नाही," मी म्हटलं.

"मी पण नाही," दादा म्हणाले.